पडद्यावरचें विमान

धाराशिवजवळच्या माळावर माझ्या नातवानें रिमोटवर चालणारें थर्माकोलचें विमान प्रथमच उडविलें, आणि क्षणार्धांत तें ज्वारीच्या धसकटांत आपटून मोडलें. उणीव सरावाची होती. विमान आपल्याकडे येऊं लागलें कीं डावें-उजवें उलट भासतें. अशा वेळीं, जो पंख खालीं झुकला असेल त्या बाजूस रिमोटची दांडी सारावी लागते. हें बोटांना शिकविण्यासाठीं संगणकावरील सिम्युलेटर असतो. अमेरिकेंत एडविन लिंक यांनीं १९२९ सालीं वैमानिकांसाठीं बनविलेल्या शिक्षणयंत्राचें तत्त्वही हेंच: चुका आधीं जमिनीवर कराव्या.

मात्र निवड विचारपूर्वक करावी. मैदानांत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनें विमान दाखविणारा सिम्युलेटर घ्यावा. वैमानिकाच्या आसनावरून दाखविणारा येथें निरुपयोगी. आपलाच रिमोट त्यास जोडतां यावा, म्हणजे बोटांस तीच संवय लागते. वाराही कमीअधिक करतां यावा. आमच्या उघड्या माळावर त्याचीच परीक्षा असते. ‘रिअलफ्लाइट’ विकत घ्यावा लागतो व त्यास विंडोज लागतें; ‘पिकासिम’ विनामूल्य मिळतो. आरंभ विनामूल्यानें करावा.

नातवानें पडद्यावर पुष्कळ विमानें पाडलीं. त्यांस डिंक लागला नाहीं. पुढें डागडुजी केलेलें खरें विमान माळावर सुखरूप उतरलें.