शाळेचा पहिला पंधरवडा आणि बुद्धिवर्धक औषधांची मागणी

जूनच्या मध्यास राज्यातील बहुतेक शाळा उघडतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा), आणि त्याच सुमारास आपल्याकडे ब्राह्मी व शंखपुष्पी यांच्या पाकांची मागणी वाढते. मुलाचे लक्ष लागत नाही, सकाळी उठत नाही, डोके दुखते, या तक्रारी घेऊन पालक येतात आणि बाटली घेऊन जातात. लक्ष का लागत नाही याचा विचार मात्र बहुधा राहून जातो.

शाळा सुरू होण्याचा काळ हा ग्रीष्म आणि वर्षा यांचा संधिकाल आहे. आदानकालाने शरीरबल व अग्नी आधीच क्षीण झालेले असतात. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूत प्रकुपित होतो. सुटीत मुले उशिरा झोपतात, दुपारीही झोपतात. ग्रीष्मात दिवास्वाप शास्त्रसंमत आहे, वर्षाऋतूत तो निषिद्ध. शाळेमुळे हा सर्व क्रम एका दिवसात उलटतो. वाग्भटाने मावळत्या ऋतूचा अखेरचा आणि येत्या ऋतूचा पहिला असे दोन सप्ताह ऋतुसंधी म्हणून सांगितले असून, त्या काळात पूर्वीचा विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा, असे म्हटले आहे. मुलाच्या झोपेलाही हाच नियम लावावा. शाळेपूर्वीच्या आठवड्यापासून उठण्याची व निजण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणल्यास पहिल्या तासाला डुलक्या घेणारी कित्येक मुले औषधावाचून सावरतात.

दुसरे कारण पालक सांगत नाहीत आणि आपणही क्वचितच विचारतो. ते म्हणजे वेगधारण. सकाळची बस गाठण्याच्या घाईत मलप्रवृत्ती राहते. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ, पाणी नाही किंवा दाराला कडी नाही, म्हणून मूल दिवसभर वेग आवरते. मुली तर या भीतीने पाणीच पीत नाहीत. चरकाने पुरीषवेग अडविल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, मलावरोध व पिंडिकोद्वेष्टन, तर मूत्रवेग अडविल्याने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरोरुजा सांगितली आहे. शाळकरी मुलाचे डोके, पोट किंवा पोटऱ्या दुखत असतील, तर 'शाळेत लघवीला जातोस का?' हा प्रश्न नाडीपरीक्षेइतकाच महत्त्वाचा मानावा. उत्तर एकट्या मुलाकडून घ्यावे. आईसमोर ते लाजते. उपायही साधा आहे: अर्धा तास आधी उठणे, कोमट पाणी, शौचास निश्चित वेळ, रात्री भिजविलेल्या मनुका, जेवणात तूप. लघवीस जळजळ किंवा ताप असल्यास मूत्रपरीक्षण टाळू नये.

न्याहारीविषयी थोडक्यात. मंदाग्नीच्या दिवसांत बिस्किटे व शिळे अन्न यांपेक्षा मुगाची खिचडी, तुपाबरोबर ताजी भाकरी, गरम उपमा हे हितकर. कृमी व पांडू यांचाही विचार हवा. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. मुलास शाळेत गोळी मिळाली आहे का, हे विचारूनच कृमिघ्न योजावे. फळ्यावरील अक्षर न दिसणाऱ्या मुलास चष्मा लागतो, मेध्य औषध नव्हे.

आता औषधाकडे वळू. मंडूकपर्णीस्वरस, दुधाबरोबर यष्टीमधुचूर्ण, गुडूचीस्वरस आणि शंखपुष्पीकल्क ही चरकोक्त मेध्य रसायने होत, आणि रसायन कोष्ठशुद्धीनंतरच फलदायी ठरते. मलावष्टंभ असलेल्या मुलास गोड पाक पाजून काय साधणार? शिवाय द्रव्यनिश्चितीचा प्रश्न आहेच. ब्राह्मी या नावाने कोठे जलब्राह्मी मिळते, कोठे कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पी म्हणून विष्णुक्रांता आणि गोकर्णही विकली जाते. दुकानदार बंधूंनी वेष्टनावरील वनस्पतिशास्त्रीय नाव वाचून मगच माल भरावा.

जलब्राह्मीवरील ज्या आधुनिक चाचण्यांत स्मरणात काही सुधारणा आढळली, त्या मुख्यतः प्रौढांवरील असून सेवन सुमारे बारा आठवड्यांचे होते. तेव्हा जूनमध्ये घेतलेल्या बाटलीने जुलैच्या चाचणी परीक्षेत गुण वाढतील, असे आश्वासन कोणीही देऊ नये. पालक आग्रह धरीत असल्यास प्रथम पंधरा दिवस झोप, शौच व न्याहारी यांच्या वेळा कागदावर लिहून आणण्यास सांगावे आणि तो कागद पाहूनच औषध ठरवावे.