फवारणीच्या ड्रोनमधील रिले : बिघाड कसा ओळखावा?

कपाशी आणि मोसंबी ही जालना जिल्ह्याची जुनी ओळख. त्यांच्या जोडीला आता तुतीची लागवडही आली आहे. जालना येथे २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. कपाशीवरील कीटकनाशकाचे थेंब शेजारच्या तुतीवर पडले, तर ती पाने खाऊन रेशीम अळ्या मरतात आणि एका कुटुंबाचे पीक हातचे जाते. म्हणूनच फवारणी करणाऱ्या ड्रोनचा पंप योग्य क्षणी बंद होणे, ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही.

महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेस केंद्र शासनाने २०२३ साली मान्यता दिली. त्यामुळे हे यंत्र आता गावाच्या शिवारात आले आहे. काही ड्रोनमध्ये, विशेषतः प्रशिक्षणासाठी जुळविलेल्या ड्रोनमध्ये, पंप चालू-बंद करण्याचे काम रिले करतो.

रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारे बटण होय. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की चुंबकत्व निर्माण होते, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि पंपाचे मंडल पूर्ण होते. आज्ञा देतो तो उड्डाण नियंत्रक, म्हणजेच फ्लाइट कंट्रोलर. मात्र त्याच्या पिनेवर साधारणतः ३.३ व्होल्ट दाब असतो आणि ती थोडेच मिलिअँपिअर प्रवाह देऊ शकते. याउलट ५ व्होल्टच्या सर्वसाधारण रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ७० ओहम, म्हणजे प्रवाह सुमारे ७० मिलिअँपिअर लागतो. यास्तव वेटोळे पिनेला थेट जोडू नये. मध्ये ट्रान्झिस्टर असावा, वेटोळ्यास स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा असावा आणि वेटोळ्यावर उलट दिशेने डायोड असावा. डायोड नसेल तर रिले बंद होताना उसळणारा दाब ट्रान्झिस्टर निकामी करतो.

तपासणीपूर्वी ड्रोनची सर्व पाती काढावीत आणि टाकीत औषधाऐवजी स्वच्छ पाणी भरावे. त्यानंतर आज्ञा देऊन रिलेचा ‘टिक्’ असा आवाज ऐकावा. बिघाड कोणत्या बाजूस आहे, हे या आवाजावरून कळते.

आवाज येत नसेल, तर दोष आज्ञेच्या बाजूस आहे. मल्टिमीटरने वेटोळ्यावरील दाब मोजावा. नियंत्रक आणि रिले यांची ऋण तार एकत्र जोडलेली आहे का, हे पाहावे. ती सुटली असल्यास आज्ञा पोहोचतच नाही. तारा ठीक असतील तर नियंत्रकाची मांडणी तपासावी. ती पिन मोटारीसाठी नेमलेली असल्यास तिच्यावर सलग दाबाऐवजी तुटक स्पंदने येतात व साधा रिले त्यांना नीट प्रतिसाद देत नाही.

आवाज येतो पण पंप फिरत नाही, तर संपर्कबिंदू, फ्यूज, पंपाची तार आणि पंप या क्रमाने तपासावे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक : पंप बंदच होत नाही. याची दोन प्रमुख कारणे आहेत. पंप सुरू होतानाच्या मोठ्या प्रवाहाने संपर्कबिंदू वितळून चिकटतात. वीजपुरवठा तोडल्यावरही ते जोडलेलेच आढळले तर रिले बदलावा. दुसरे असे की, काही तयार मॉड्यूल दाब शून्य झाल्यावर चालू आणि ५ व्होल्टला बंद होतात. त्यांना ३.३ व्होल्टची ‘बंद’ आज्ञा अपुरी पडते. तेथे ३.३ व्होल्टवर चालणारे मॉड्यूल घ्यावे. पंप नेहमी ‘सामान्यतः उघड्या’ संपर्कास जोडावा, म्हणजे रिलेचा पुरवठा खंडित झाल्यास फवारणी आपोआप थांबेल. नियंत्रकातही रिलेची आरंभीची स्थिती ‘बंद’ ठेवावी.

प्रमाणित ड्रोनच्या मूळ जोडणीत गावपातळीवर फेरबदल करू नयेत. ते काम उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राचेच आहे. परंतु बिघाड कोणत्या बाजूस आहे हे सांगता आले, तर दुरुस्तीचा वेळ वाचतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी हा पाठ प्रात्यक्षिकासह घ्यावा. ग्रामपंचायत सदस्यांनीही फवारणीपूर्वी दोन गोष्टींचा आग्रह धरावा : पाण्यावर पंप तीनदा चालू-बंद करून पाहणे आणि शेजारच्या तुती व विहीर धारकांना आदल्या दिवशी सूचना देणे. या दोन्हींस खर्च काही नाही. शेजाऱ्याचे पीक मात्र त्यांमुळे वाचू शकते.