प्राजक्ताच्या सड्यासाठी जागा

प्राजक्ताची फुलं कुणी तोडत नाही, ती वेचतात. मध्यरात्री पूर्ण उमललेलं फूल उजाडता उजाडता आपणहून देठातून सुटतं आणि झाडाखाली पांढरा-केशरी सडा पडतो. एरवी जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. प्राजक्ताचं चालतं. चातुर्मासात लाखोली वाहणाऱ्या बायका पहाटे परडी घेऊन झाडाखाली बसतात आणि मोजून फुलं गोळा करतात.

म्हणूनच हे झाड लावताना आधी खालची जमीन पाहावी. सोसायटीच्या वाहनतळालगत लावलेल्या प्राजक्ताची फुलं रोज चाकांखाली जातात, तेव्हा जीव हळहळतो. झाडाभोवती चारी बाजूंनी निदान पाच-सहा फूट मोकळी, स्वच्छ माती हवी. कुंपणापासूनही तेवढंच अंतर ठेवावं. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या, ही कथा मराठी घरांत सगळ्यांना पाठ आहे!

हे झाड इथलंच. भारतीय उपखंडातल्या कोरड्या डोंगरउतारांवर ते आपोआप वाढतं. बंगालमध्ये त्याला शिउली म्हणतात आणि ते पश्चिम बंगालचं राज्यफूल आहे. उलट घरोघरी कौतुकानं लावली जाणारी रातराणी वेस्ट इंडीजकडून आलेली पाहुणी आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूर गावी ‘पारिजात’ म्हणून पुजला जाणारा प्रचंड वृक्ष मात्र प्राजक्त नव्हे. तो मूळचा आफ्रिकेतला गोरखचिंच आहे.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यानं १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या झाडावर एक प्रकरण लिहिलं. सूर्यावर प्रेम करणाऱ्या मुलीला सूर्यानं सोडलं, तिनं जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत, ही इथे ऐकलेली कथा त्यात आहे. पोर्तुगीजांनी त्याला ‘दुःखी झाड’ म्हटलं. १७५३ मध्ये लिनिअसनं शास्त्रीय नाव दिलं, त्यातही तेच आलं : निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस, म्हणजे रात्री फुलणारं दुःखी झाड. दिवसा फुलांविना उभं असलेलं, काचपेपरसारख्या खरखरीत पानांचं झाड पाहिलं की हे नाव पटतं. पहाटे गेलं तर मुळीच पटत नाही.

फुलाच्या केशरी दांड्याचा रंगही साधा नाही. केशराला रंग देणारी द्रव्यं या दांड्यातही असतात. दांडे वाळवून उकळले की पिवळा-केशरी रंग उतरतो. पूर्वी त्यात रेशीम आणि सुती कापड रंगवत.

लागवड सोपी आहे. फळांच्या रुपयाएवढ्या चपट्या, हिरव्या चकत्या वाळून तपकिरी झाल्या की उकलतात. प्रत्येकीत दोन बिया निघतात. त्या ताज्या असतानाच पेराव्यात. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदीही पावसाळ्यात रुजते. रोज पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे, सावलीत झाड नुसतं पानांनी वाढतं. मुळाशी पाणी साचू देऊ नये. चिकट मातीत वाळू आणि शेणखत मिसळून थोडा उंचवटा करावा. जमीन नसेल तर गच्चीवर दीड फुटी कुंडी चालेल, पण कुंडीतलं झाड आटोपशीर राखावं लागतं.

छाटणीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बहर संपून बिया झडल्या की उन्हाळा चढण्याआधी फांद्या छाटाव्यात. मोकळं सोडलं तर झाड वीस-पंचवीस फुटांवर जातं, छाटत राहिलं तर माणसाच्या उंचीचं दाट झुडूप होतं. भर उन्हाळ्यात त्याची पानं गळतात. झाड मेलं समजून उपटू नये. साल नखानं खरवडून पाहावी, आत हिरवं दिसलं तर थोडं थोडं पाणी देत राहावं. पावसाबरोबर पालवी फुटते आणि श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत फुलं येत राहतात.

ओळखीच्या कुणाच्या अंगणात प्राजक्त असेल तर येत्या पावसाळ्यात एक फांदी जरूर मागून आणा, आणि ती रोवण्याआधी सड्यासाठी जागा मोकळी करून ठेवा.