भरलेला दात पुन्हा का किडतो?

दातात चांदी किंवा सिमेंट भरले की काळजी मिटली, असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा काही वर्षांनी त्याच दाताला, भरलेल्या जागेच्या अगदी कडेला, पुन्हा कीड लागते. असे का व्हावे?

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. दातांवरील चिकट थरात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू राहतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. सामू ५.५ च्या आसपास उतरला, की दाताच्या कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ ही झीज थोडीफार भरून काढते. पण आपण वरचेवर गोड खाल्ले, तर तिला उसंतच मिळत नाही.

आता भरलेल्या दाताकडे पाहू. दाताच्या रंगाचे राळयुक्त मिश्रण घट्ट होताना साधारणतः २ ते ३ टक्के आकसते. शिवाय गरम चहा, थंड पाणी यांमुळे ते दातापेक्षा अधिक प्रसरण व आकुंचन पावते. चावण्याचा ताण असतोच. मग सांध्यात बारीक फट पडते. ब्रशचा केस तिच्यात शिरत नाही; जिवाणू मात्र सहज शिरतो, कारण त्याचा व्यास १ मायक्रॉनहूनही कमी असतो!

पण नुसती फट दात किडवत नाही. त्यासाठी जिवाणू आणि साखर दोन्ही लागतात. दंतवैद्य खड्डा बुजवतो. तो पाडणारी कारणे तोंडात तशीच राहतात. म्हणून दात भरल्यावरही गोड बेतानेच खावे आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने रोज दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, दात घासावेत.