तपासणीची चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका

शाळेत डॉक्टरांची गाडी येते. लेकरांचं वजन होतं, उंची मोजतात, डोळे, कान, दात बघतात. संध्याकाळी लेकरू घरी येऊन सांगतं, "आज तपासलं." बऱ्याच घरांत विषय तिथंच संपतो. दोष सापडला असेल, तर उपचार मात्र त्याच्या पुढेच सुरू होतात.

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला त्याची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा पथक यावं, असा नियम आहे. पथकात एक पुरुष व एक महिला डॉक्टर, परिचारिका आणि औषध देणारा कर्मचारी असतो. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, सारखा थकवा, हे मुलींनी महिला डॉक्टरांना न लाजता सांगावं, असं घरातूनच त्यांना सांगा.

किरकोळ दुखण्याला पथक तिथंच औषध देतं. मोठा दोष दिसला तर संदर्भ चिठ्ठी देऊन ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतं. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, तिरळेपणा, बहिरेपणा, अशा दोषांवरचे उपचार, लागल्यास शस्त्रक्रियाही, या कार्यक्रमात मोफत आहेत. म्हणून खासगी दवाखान्यासाठी कर्ज काढण्याआधी ती चिठ्ठी घेऊन सरकारी रुग्णालय गाठा.

वेळ घालवू नका. तिरळ्या किंवा कमजोर डोळ्यावर लहानपणीच उपचार झाले, तर नजर वाचते. उशीर झाला तर पुढे चष्म्यानेही ती पुरती येत नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेल्या लेकराला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. वाहणारा कान तसाच ठेवला तर ऐकू येणं कमी होतं. खेळताना लगेच दम लागणं, ओठ निळे पडणं, अंगावर बधिर फिकट चट्टा असणं, यांतलं काही दिसलं तर पथकाची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून पुष्कळ कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच परततात. त्या काळात पथक शाळेत आलं, तर फडावर गेलेलं लेकरू राहून जातं. असं वर्षानुवर्षं होऊ शकतं. कोयता घेऊन निघण्याआधी लेकराला आरोग्य केंद्रात दाखवा. गावी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवणार असाल, तर त्याचा आजार तिथं सांगून जा. परत आल्यावर मुख्याध्यापकांना विचारा, "आमच्या पोराची तपासणी राहिली, पुढचं पथक कधी येणार?" हे विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

शाळेत मिळणाऱ्या गोळ्यांची भीती बाळगू नका. लोहाची गोळी आठवड्याला एक असते, लहान वर्गांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्यासोबत चहा देऊ नये. शौचाला काळं झालं तर घाबरू नये, ते लोहामुळे होतं. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि पावसाळ्यात देतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

चिठ्ठी दप्तरात पडून राहते, त्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो. तालुक्याला जायचं तर रोज बुडतो, आणि मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे कळत नाही. यावर वस्तीतच उपाय आहे. रविवारी विहारात जमल्यावर ज्यांच्याकडे चिठ्ठ्या आहेत त्या आयांनी एकच दिवस ठरवावा, आशाताईंना विचारून घ्यावं आणि मिळून जावं. लिहिता-वाचता येणारा एखादा तरुण सोबत द्यावा. आज घरी गेल्यावर लेकराचं दप्तर तेवढं उघडून बघा.