ओढणे वेगळे, बांधणे वेगळे

सोलापुरात एप्रिलची दुपार ही हातात कानस धरण्याची वेळ नव्हे. पत्र्याखाली बसले की मेंदूचे पाणी होते. पण त्या दिवशी सांगोल्याजवळून मावसभावाचा फोन आला. शेततळ्यात पाणी होते, इंजिन सुरू होते, डाळिंबाची बाग तहानलेली होती आणि पंप मात्र पाणी उचलत नव्हता. फूट व्हॉल्व्ह बदलून झाला होता, पंपात दोनदा पाणी भरून झाले होते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन माझ्या हातातून घेतला. वय ऐंशीच्या पुढे, पण यंत्राचे दुखणे कानावर आले की माणूस अंथरुणातून उठून बसतो.

"सक्शनच्या जोडावर पाणी गळतंय का?"

"नाही, मावसोबा. एक थेंब नाही."

"मग तिथनंच हवा आत शिरतीय. काय बांधलंय जोडाला?"

"तार. पक्कडनं पिळून."

अण्णांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पिळून बांधली म्हणे. म्हणजे बांधलीच नाही."

पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला नळीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथला जोड सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि शेतकरी बिचारा बाकी सगळे तपासत बसतो.

मी म्हटले, "बाजारात क्लिप मिळते की." स्क्रूने आवळायची ती पट्टीची क्लिप आपल्याकडे अजूनही 'जुबिली क्लिप' म्हणूनच मागितली जाते. लम्ले रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याने १९२१ साली तिचे पेटंट घेतले. शंभर वर्षे झाली तरी तिला पर्याय नाही, हे खरे. पण सक्शनची नळी साधी नसते. आतली पोकळी तिला चपटी करू पाहते, म्हणून तिच्या अंगावर कडक प्लॅस्टिकचे वेटोळे घातलेले असते. सपाट पट्टी त्या वेटोळ्यांच्या उंचवट्यांवर बसते आणि मधल्या खोलगट भागात हवेला वाट राहते. तार मात्र त्या खोबणीत नेमकी उतरते. म्हणजे गावाकडच्या माणसाने तार निवडली यात चूक नव्हती. चूक होती ती पक्कडीत.

आपण सगळेच तार पक्कडीने पिळून आवळतो. दोन टोके धरायची, ओढायची आणि पीळ द्यायचा. पण पक्कड एकाच वेळी दोन कामे करू पाहते, ओढण्याचे आणि बांधण्याचे. पहिल्या एक-दोन पिळांत तार थोडी आवळते, पुढचे पीळ स्वतःवरच बसत जातात. आणखी आवळावे म्हटले तर पिळाच्या मुळाशी तार कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. न तुटावी म्हणून आपण एक पीळ कमी देतो आणि जोड सैल राहतो.

"ओढणं वेगळं, बांधणं वेगळं," अण्णा म्हणाले. "आधी पुरता ताण घ्यायचा. तो धरून ठेवायचा. मग बांधायचं."

गिरणीत फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षे काढलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. १८७७ साली जुनी गिरणी चालू झाली तेव्हापासून हे गाव ताणावर जगत आले आहे. मागावर ताण्याच्या बीमला साखळी किंवा दोर गुंडाळून त्याला वजन लावलेले असते. वजन कमी पडले की कापड झिरझिरीत, जास्त झाले की पटापट धागे तुटतात. टॉवेलच्या मागावर तर दोन बीम असतात. एक ताठ ठेवायचा, दुसरा सैल. त्या सैल धाग्यांतून टॉवेलचे मऊ वेढे उठतात. सोलापूरचा टॉवेल अंगाला मऊ लागतो तो नुसत्या सुतामुळे नव्हे, कुठे ताण द्यायचा आणि कुठे सोडायचा हे कुणाला तरी कळले म्हणून. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले. अण्णांनी पडवीत एक व्हाइस ठोकला आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांची किडुकमिडुक दुरुस्ती सुरू केली. आमची शिक्षणे त्या व्हाइसवर झाली.

आता त्या व्हाइसवर धूळ आहे. अण्णांच्या हातांना कंप आहे. मूठ वळते, पण पक्कड दाबण्याइतकी आवळत नाही. म्हणून त्या दुपारी काम त्यांचे आणि हात माझे, अशी वाटणी झाली. मी जन्मभर कचेरीत बसलेला माणूस. कानस कोणत्या दिशेने चालते इथून माझी सुरुवात.

हत्यार तसे साधे. अर्धा इंची लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा. त्याचे पुढचे तोंड हातोडीने चपटे करून कानशीने जिभेसारखे अरुंद करायचे, बोटाच्या नखापेक्षाही कमी रुंद. जिभेच्या टोकाला तिकोनी कानशीने तार बसेल एवढी खाच. पाइपच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लांबट फटी. ओळीने भोके पाडायची आणि मधले लोखंड कानशीने काढायचे. पाइपच्या आत आठ मिलिमीटरचा आटे पाडलेला गज. गजाला पुढच्या टोकाशी आरपार भोक पाडून त्यात जाड खिळ्याचा तुकडा घालायचा. त्याची दोन टोके दोन्ही फटींतून शिंगांसारखी बाहेर राहतात. गजाच्या मागच्या टोकाला वॉशर आणि दोन लांब कान जोडलेला नट. नट फिरवला की तो पाइपला टेकून गजाला मागे खेचतो आणि शिंगे फटीतून मागे सरकतात.

चपटे करायला सोपे जावे म्हणून मी जस्ताचा मुलामा असलेला पाइप गॅसवर धरायला निघालो, तेव्हा अण्णा ओरडले. त्या मुलाम्याचा पांढरा धूर छातीत गेला की माणूस रात्रभर तापाने फणफणतो. मुलामा नसलेला काळा पाइप शोधला. मग पहिल्याच प्रयोगात वॉशर पाइपच्या पोटात शिरून बसला, कारण मी आठ मिलिमीटरच्या गजाचा म्हणून नेहमीचा वॉशर लावला होता. तो पाइपच्या तोंडापेक्षा मोठा हवा, एवढी अक्कल आली. दुसऱ्या प्रयोगात खाच उथळ पडली. ताण येताच जीभ सटकली आणि नमुन्याच्या नळीवर बोटभर ओरखडा उठला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तिकोनी कानस माझ्यापुढे सरकवली.

तिसऱ्यांदा जमले. सोळा गेजची जस्ताची तार मधोमध दुमडायची. दुहेरी तार नळीभोवती घेऊन तिची दोन्ही टोके दुमडीच्या वेढ्यातून ओवायची आणि हाताने ओढायची. हत्याराची जीभ वेढ्याला टेकवायची, दोन टोके तिच्या दोन बाजूंनी नेऊन दोन शिंगांना गुंडाळायची. मग नट फिरवायचा. पुरेसा ताण आला की अख्खे हत्यार वेढ्यावरून पलीकडे पालथे करायचे. ताणलेली तार वेढ्यावर मुडपते आणि तिथेच अडकते. हीच ती गाठ. मग नट सैल करून टोके कापायची आणि आत दाबायची. पीळ कुठेच नाही.

आठ मिलिमीटरच्या गजावर नटाचा एक फेरा म्हणजे सव्वा मिलिमीटर. नटाचा कान चार सेंटिमीटर लांब असेल तर तेवढ्यासाठी बोट पंचवीस सेंटिमीटर फिरते. निम्म्याहून कितीतरी अधिक जोर घर्षणात जातो. तरीही बोटांच्या एक किलो जोराचा तारेवर पंचवीस किलोच्या आसपास ताण होतो. घर्षणाला नावे ठेवू नयेत. बोट काढले तरी नट मागे फिरत नाही, ताण जिथल्या तिथे राहतो, तो घर्षणामुळेच. मात्र नट बोटांनीच फिरवावा. पाना लावला की तार तुटते नाहीतर नळी कापली जाते. आणि घरातल्या गॅसच्या नळीवर किंवा गाडीच्या ब्रेकवर ही कारागिरी मुळीच दाखवू नये. तिथे ठरवून दिलेलेच सामान हवे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो. अण्णांना नेऊ नये असे घरात सगळ्यांचे मत होते. त्यांनी विचारले नाही. तळ्याच्या कडेला जुनी तार कापली तेव्हा नळी नुसत्या हाताने जोडावर फिरली. मी नवी तार ओवली, शिंगांना गुंडाळली आणि हत्यार अण्णांपुढे धरले.

त्यांच्या बोटांचा कंप नटाच्या कानांवर दिसत होता, पण नट फिरत होता. अर्धा फेरा, थांबणे, पुन्हा अर्धा फेरा. मधेच त्यांनी तारेवर नख मारून आवाज ऐकला आणि आणखी पाव फेरा दिला. हत्यार पालथे केले ते दोघांनी मिळून. इंजिन सुरू झाले. काही वेळ नुसता घरघराट, मग पाइपच्या तोंडातून फसफसणारे पाणी, मग सलग धार.

मावसभावाने ते हत्यार ठेवून घेतले. परतताना मी म्हटले, "आपल्याला दुसरं करावं लागेल." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "करू की. या वेळी खाच पहिल्यांदाच खोल घे."