आजारी विद्यार्थी आणि क्रीडांगण

खेळाच्या तासाची घंटा होते, मुले खो-खो व लंगडीसाठी मैदानाकडे धावतात आणि एखादा विद्यार्थी मात्र वर्गाच्या पायरीवर इतरांची दप्तरे राखीत बसून राहतो. कळमनुरी असो वा सेनगाव, हे दृश्य कोणत्याही शिक्षकास अपरिचित नसावे. त्या मुलास दीर्घ आजार असतो व काळजीपोटीच त्यास बसविलेले असते. हेतू चांगला खरा. परंतु आजाराने शरीराचे बळ घटले तरी खेळाची ओढ घटत नाही, ही गोष्ट या काळजीत निसटून जाते.

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील करगणी गावचे सचिन खिलारी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. शालेय वयात अपघाताने त्यांचा हात मोडला, पुढे त्यात गँगरीन झाले आणि अनेक शस्त्रक्रिया होऊनही तो हात पूर्ववत झाला नाही. तथापि मैदान सुटले नाही. प्रथम भालाफेक व नंतर गोळाफेक त्यांनी आपलीशी केली. सन 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक मिळविले.

अर्थात प्रत्येक आजारी मुलास पदकाची आशा दाखवावी, असा याचा अर्थ नव्हे. काही आजार आयुष्यभराचे असतात, काही जीवघेणेही ठरतात. अशा मुलास खेळ हवा असतो तो उद्याच्या पदकासाठी नव्हे, तर आज आपण सवंगड्यांपैकीच एक आहोत, या जाणिवेसाठी.

मात्र ओढ जपताना सावधगिरी सोडता कामा नये. पालकांकडून डॉक्टरांचा लेखी सल्ला प्रथम मागून घ्यावा. सिकलसेलच्या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व तीव्र वेदना होतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांमुळे हा त्रास बळावतो. म्हणून अशा मुलास वारंवार पाणी व विश्रांती द्यावी. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलाची साखर खेळताना एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर वा गोंधळलेपणा दिसताच खेळ थांबवून साखर अथवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असताना रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. तेव्हा कबड्डीसारखे झटापटीचे खेळ व गर्दी टाळावी. हृदयविकाराच्या मुलास तज्ज्ञांच्या अनुमतीवाचून धावावयास लावू नये.

धावणे वर्ज्य असले म्हणजे खेळ वर्ज्य होत नाही. खो-खोत वेळाधिकारी लागतो, कबड्डीत गुणलेखक लागतो. ही कामे दयेपोटी नव्हे, तर नियम शिकवून, जबाबदारीने सोपवावीत. ज्याचा निर्णय सारा संघ मानतो, तो मुलगा पायरीवर बसलेला उरत नाही. कॅरम व बुद्धिबळ हे खेळही अशा वेळी उपयोगी पडतात.

शिक्षकाची ही केवळ मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश असून, दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांबरोबरीने खेळाची संधी देणे हे शाळांचे कर्तव्य ठरविले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, त्या वेळी अशा मुलांविषयी, कोणता खेळ झेपेल, हा प्रश्न शिक्षकांनी आवर्जून विचारावा.

विद्यार्थी रुग्णालयात असेल, तर सामना कसा झाला याची चिठ्ठी सवंगड्यांकडून लिहवून घेऊन पालकांच्या हाती द्यावी. आणि संघाच्या यादीतून त्याचे नाव खोडू नये. तो परतेल तेव्हा सर्वप्रथम तेच शोधील.